मिठाच्या पाण्यातले हात

रोज सकाळी कामावर निघण्याआधी आत्या एका वाडग्यात कोमट पाणी घ्यायची, त्यात मूठभर मीठ ढवळायची आणि दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून ओट्याशी उभी राहायची. डोळे मिटलेले, ओठ घट्ट. मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला आले तेव्हा पहिले दोन दिवस मला वाटलं, ही प्रार्थना करते आहे. तिसऱ्या दिवशी ती डोळे न उघडताच म्हणाली, "डावी करंगळी, नखाच्या कडेला." मग हात पुसले, खिडकीशी जाऊन करंगळी उजेडात धरली आणि तिथे चिकटपट्टी लावली. मला तिथे काहीच दिसलं नव्हतं.

"कातडी उघडी असली तरी दिसतेच असं नाही," ती म्हणाली. "झोंबते मात्र."

कुठेच झोंबलं नाही तर ती म्हणायची, "आज सगळी दारं बंद," आणि वाडगं मोरीत उपडं करून चपला घालायची.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आतोबांना जाऊन बारा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. एक खोली, एक स्वयंपाकघर, मागच्या बाजूला नळांच्या पाइपांनी भरलेली भिंत दिसणारी खिडकी, एवढा तिचा संसार. त्यात माझी पुस्तकं आली, तेव्हा तिने आतोबांच्या कपाटातला खालचा खण रिकामा करून दिला आणि म्हणाली, "त्यांनी आयुष्यात एक पुस्तक वाचलं नाही. आता शेजार तरी चांगला लाभू दे."

एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात लाँड्री होती, तिथे ती कामाला होती. लाँड्रीचे दोन भाग होते, मळकी बाजू आणि स्वच्छ बाजू, आणि मधल्या भिंतीत चार मोठी मशीनं बसवलेली. त्यांना दोन्हीकडून दारं. एका दाराने मळकं आत जायचं, दुसऱ्या दाराने धुतलेलं बाहेर पडायचं. माणसांनी मात्र इकडून तिकडे जायचं नाही, असा नियम. वरच्या सहा मजल्यांवरून पत्र्याच्या जाड नळीतून गाठोडी धपाधप खाली यायची. प्रत्येक गाठोड्यावर मजल्याचा आकडा. ती एका लांब टेबलावर सोडायची, चादरी एकीकडे, ऑपरेशनची हिरवी कापडं दुसरीकडे, टॉवेल तिसरीकडे. या टेबलाची मुख्य आत्या होती, एकोणीस वर्षं. टेबलावरच्या बाकीच्या दहाजणी तिला मीठबाई म्हणायच्या. मशीन चालवणारा एकच पुरुष, त्याची उंची दारात मावत नसे म्हणून तो लंबू.

गाठोड्यांतून काय काय निघायचं. चष्मे, चमचे, एका पायाचा मोजा, कुणाचं तरी अर्धं लिहिलेलं पत्र. एकदा कवळी निघाली. लंबू ती रुमालात गुंडाळून सहा मजले फिरला, आणि ज्याची होती त्या म्हाताऱ्याने ती घेतली आणि तिथल्या तिथे तोंडात घातली. ही गोष्ट लाँड्रीत वर्षातून एकदा तरी नव्याने सांगितली जायची आणि दर वेळी म्हातारा थोडा अधिक घाईने कवळी तोंडात घालायचा.

आणि सुया निघायच्या. वॉर्डात गडबड असली, कुणाचा श्वास अडकला, दोघंतिघं एकदम पलंगाभोवती धावले, की एखादी सुई चादरीच्या चुणीत राहून जायची. वर सुया टाकायला जाड प्लास्टिकचे पांढरे डबे होते, पण चादरीतल्या सुईला डबा कुठला? ती नळीतून खाली यायची. आत्या नव्या बाईला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची. चादर उचलायची नाही, झटकायची नाही, तिच्याखाली हात घालायचा नाही. चार कोपरे एकेक करून मागे घ्यायचे, केळं सोलावं तसं. हातमोजे मिळायचे, पण पातळ. सुईला त्यांची काय पत्रास?

वरच्या प्रत्येक मजल्यावर भिंतीवर काचेत एक कागद लावलेला होता. रक्तातून होणाऱ्या आजारांपासून कर्मचाऱ्यांना कसं वाचवायचं, त्याची योजना. कुणाला लस द्यायची, सुई टोचली तर काय करायचं, किती तासांत कुणाला फोन करायचा, कुठलं इंजेक्शन घ्यायचं. त्यात नर्सा होत्या, प्रयोगशाळेतले लोक होते, वॉर्ड झाडणारेसुद्धा होते. लाँड्री नव्हती. हे लाँड्रीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण त्यावर बोलायचं कुणाशी, हा प्रश्न होता, आणि रोज नळीतून गाठोडी येतच होती.

लाँड्रीत भिंतीवर वेगळंच काही होतं. एक काळा बोर्ड. त्यावर रंगाने लिहिलेलं, 'अपघाताशिवाय दिवस', आणि पुढे खडूने आकडा. रोज सकाळी लंबू कालचा आकडा पुसून त्यात एक मिळवायचा. हॉस्पिटलने ठरवलं होतं, ज्या विभागाचे सलग तीनशे पासष्ट दिवस अपघाताविना जातील, त्या विभागाला एक दिवस सगळ्यांना मिळून सुट्टी. त्या दिवशीचं काम बाहेरून माणसं आणून करून घेणार. हॉस्पिटल कधी बंद नसतं, त्यामुळे या अकराजणी आणि लंबू इतक्या वर्षांत एकदाही एकत्र लाँड्रीबाहेर पडले नव्हते. एकीची सुट्टी असली की दुसरी कामावर. दुपारच्या डब्याला त्या तळ्यावर जायचे बेत करायच्या. बस कुठून घ्यायची, कुणी खिडकीशी बसायचं, लंबूचे पाय कुठे ठेवायचे.

तीनशे एक्केचाळिसाव्या दिवशी धाकटीला सुई टोचली.

धाकटी म्हणजे टेबलावरची सगळ्यात नवी. आठ महिनेच झाले होते तिला. चोवीस वर्षांची, नवरा रंगारी, घरी दोन वर्षांची मुलगी. बोलायला लागली की हात थांबायचे तिचे, म्हणून आत्या तिला आपल्या शेजारी उभी करायची. त्या दिवशी ऑपरेशनच्या हिरव्या कापडाचा कोपरा मागे घेताना ती "अगं बाई" म्हणाली, मोठ्याने नाही, आणि हात वर घेतला. उजव्या हाताचं मधलं बोट. हातमोज्यावर लाल ठिपका आला आणि मोठा होत गेला.

आत्याने हे मला पुढे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तिने आधी बोटाकडे बघितलं नाही. बोर्डाकडे बघितलं. आणि आम्ही सगळ्यांनीही."

आत्याने तिला नळाखाली नेलं, हातमोजा काढला, साबण लावून दहा मिनिटं बोट धुतलं. मग स्वतःच्या डब्यातल्या पुडीतलं मीठ पाण्यात टाकून त्यात बुडवायला लावलं.

"वर जाऊन सांगू का?" धाकटीने विचारलं.

"वर जाऊन काय सांगणार? त्यांच्या कागदावर आपलं नाव तरी आहे का?" आत्या म्हणाली. "मला किती टोचल्या एकोणीस वर्षांत. झालं का काही? चोवीस दिवस राहिलेत. गप्प राहा."

धाकटी हसली. "बरं बाई. माझ्यामुळे सहल बुडाली तर लंबूदादा मला मशीनमध्ये घालतील."

"गरम पाण्याच्या," लंबू तिकडून म्हणाला.

आत्याने सुई चिमट्याने उचलून जुन्या बरणीत टाकली. दुसऱ्या दिवशी लंबूने बोर्डावर तीनशे बेचाळीस लिहिलं.

सहल झाली. तळ्यावर. तिथे लंबूने काढलेला एक फोटो आहे. धाकटी नडग्यांपर्यंत पाण्यात उभी, एका हातात चपला, दुसऱ्या कडेवर मुलगी, आणि तोंड उघडं, कुणाला तरी काहीतरी ओरडून सांगताना. मागे अकराजणींपैकी पाचच दिसतात, कारण बाकीच्या पाणी थंड आहे म्हणून काठावरून मागे सरल्या होत्या. आत्या एका कडेला, अर्धी कापलेली. तिने त्या दिवशी सकाळी हात मिठात बुडवले नव्हते. "आज कशाला?" म्हणाली होती.

सहलीनंतर अडीच महिन्यांनी टेबलावर काम करता करता आत्याने धाकटीच्या डोळ्यांकडे बघितलं.

"तोंड इकडे कर. उजेडात ये जरा."

"काय झालं?"

"डोळे पिवळे दिसतायत तुझे."

"झोप नाही झाली. पोरीला दात येतायत ना."

"दातांनी डोळे पिवळे होत नाहीत," आत्या म्हणाली आणि त्या वेळी मात्र स्वतः हाताला धरून तिला वर घेऊन गेली. चौथ्या मजल्यावर दाखल केलं. रक्त तपासलं. हिपॅटायटिस बी. अशी कावीळ बहुतेक जणांची आपोआप उतरते, हे डॉक्टरांनी सांगितलं. शंभरात एखाद्याची उतरत नाही, हेही सांगितलं.

एकोणीस दिवस ती वर होती. त्या एकोणीस दिवसांत नळीतून खाली येणारं चौथ्या मजल्याचं प्रत्येक गाठोडं आत्याने स्वतः सोडलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "तुम्ही टॉवेल बघा."

दुपारी ती डबा अर्धा टाकून वर जायची. एकदा ती पलंगाशी होती तेव्हा डॉक्टरीणबाई आल्या. संसर्ग टाळण्याचं सगळं काम त्यांच्याकडे होतं, काचेतला तो कागद त्यांनीच लिहिलेला. लहानखुऱ्या, केस आखूड कापलेल्या, बोलताना समोरच्याच्या नजरेला नजर देणाऱ्या. त्यांनी धाकटीला विचारलं, "मागच्या सहा महिन्यांत कधी सुई टोचली होती? आठवून सांगा."

धाकटीने आत्याकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही."

"नक्की?"

"नाही टोचली."

आत्याच्या हातात पाण्याचा पेला होता. ती तो धरून उभी राहिली. बाहेर पडताना तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "समजा टोचली असती, तर?"

"पहिल्याच दिवशी कळलं असतं तर एक इंजेक्शन दिलं असतं आणि लस सुरू केली असती," त्या म्हणाल्या. "बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं."

विसाव्या दिवशी सकाळी धाकटी गेली. तिच्या पलंगाची चादर दुपारी खाली आली.

त्यानंतर आठवडाभर आत्या सकाळी वाडग्यात हात बुडवायची आणि काढायचं विसरायची. पाणी गार व्हायचं. मी म्हणायचे, "आत्या, उशीर होतोय." मग ती हात पुसायची. कुठे झोंबलं ते सांगायची नाही.

डॉक्टरीणबाईंना मात्र त्या 'नाही'ची शंका आली होती. त्यांनी लाँड्रीला योजनेत घ्यावं असा प्रस्ताव मांडला. त्यासाठी बैठक झाली, आत्याला टेबलाची मुख्य म्हणून बोलावलं. ऑफिसातल्या साहेबांनी लाँड्रीचं अपघातांचं रजिस्टर पुढे ठेवलं. तेरा वर्षांचं. एकाही पानावर सुईची नोंद नव्हती.

"शून्य," साहेब म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांच्यासमोर जे होतं तेच ते वाचत होते. "जिथे तेरा वर्षांत एकदाही सुई टोचली नाही, त्या विभागाला सुईपासून वाचवायची योजना कशी लावायची? त्या मुलीला कावीळ बाहेरूनही झाली असेल."

डॉक्टरीणबाईंनी आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, "मला चार दिवस द्या."

घरी आल्यावर तिने चपला काढल्या आणि तशीच दाराशी बसली. "रजिस्टर कोरं आहे," ती म्हणाली. "आम्हीच कोरं ठेवलं. आता तोच कागद आमच्या तोंडावर मारतायत, आणि त्यांचं चूकही नाही."

मी म्हटलं, "मग सांग ना त्यांना."

"सांगायचंच आहे. पण आधी दुसऱ्या कुणाला तरी सांगायला हवं. तू चल माझ्याबरोबर. मी मध्येच परत फिरले तर धरून ने."

धाकटीचा नवरा एका शाळेचा जिना रंगवत होता. मधल्या सुट्टीची वेळ होती, मुलांचा गलका खालून वर येत होता. तो शिडीवर होता. आत्याने खालूनच सांगायला सुरुवात केली, बहुधा तो खाली उतरला असता तर तिला सांगता आलं नसतं. बोट, नळ, मीठ, बोर्ड, चोवीस दिवस. सगळं सांगितलं. "ती वर जाते म्हणत होती, भाऊ. मी जाऊ दिलं नाही."

त्याने ब्रश डब्याच्या काठावर दोन्ही बाजूंनी नीट पुसला, मग खाली उतरला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"तिने सांगितलं होतं?"

"त्याच संध्याकाळी. बोट दाखवलं मला. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊन येऊ. तर म्हणाली, मीठबाईंनी बघितलंय, त्यांना सगळं कळतं."

खाली घंटा झाली आणि गलका हळूहळू वर्गांत शिरला.

"मीसुद्धा हट्ट धरला नाही," तो म्हणाला. मग, "लंबूदादांनी तळ्यावर फोटो काढला होता म्हणे. तो मिळेल का? पोरीला दाखवायला. तिच्याकडे आईचा हसतानाचा एकही नाही."

आत्याने पर्समधून फोटो काढून दिला. तो तिने आणलाच होता. त्याने हात पँटला पुसले, तरी फोटोच्या कोपऱ्याला पिवळा रंग लागला.

"तुम्ही लिहून देताय ना वर?" निघताना त्याने विचारलं.

"देतेय."

"मग तिचं नाव नीट लिहा. हजेरीपुस्तकात चुकीचं होतं, पगाराच्या वेळी दर महिन्याला भांडायची."

त्या संध्याकाळी आत्याने मला कागद घेऊन बसवलं. एकोणीस वर्षांत टेबलावर कुणाला कधी सुई टोचली ते ती सांगणार आणि मी लिहिणार. मला वाटलं होतं चारपाच आठवतील. तिने दोन्ही हात टेबलावर पालथे पसरले आणि एकेका बोटाकडे बघत सांगायला लागली. "ही अंगठ्याशेजारची. लिफ्ट महिनाभर बंद होती ते वर्ष. पाचव्या मजल्याची उशीची खोळ." पुढचं बोट. "ही मला नव्या चष्म्याची सवय व्हायची होती तेव्हाची." मग दुसऱ्यांच्या. कोण कुठे उभी होती, कुठलं कापड होतं, ऊन होतं की थंडी. रोज सकाळी पाण्यात हात घालून ती जे करत होती, त्याचा हा अर्थ मला तेव्हा कळला. तिच्याकडे रजिस्टर होतं. तेवढं कागदावर नव्हतं.

दुसऱ्यांची नावं मात्र तिने घालू दिली नाहीत. "एक बाई, असं लिही. त्यांचं त्या सांगतील, सांगायचं तर."

सत्तावीस नोंदी झाल्या. त्यांतल्या नऊ तिच्या स्वतःच्या. सत्ताविसावी धाकटीची. तिथे तिने मला नाव लिहायला लावलं, अक्षर अक्षर तपासलं. मग म्हणाली, "पुढे लिही. टेबलावरच्या मुख्य बाईने तिला वर जाऊ दिलं नाही."

मी लिहायला घेतलं. तिने माझा हात धरला.

"नको. मुख्य बाई कोण ते शोधत बसतील. माझं नाव घाल. इथे एक बाई चालायची नाही."

दुसऱ्या दिवशी लाँड्रीवर देखरेख करणाऱ्या मुकादमांनी तिला बाजूला घेतलं. "मीठबाई, हे दिलंत तर आधी तुमच्यावरच येईल. दोन वर्षं राहिलीत तुमची. तोंडात मूग धरून बसलात तर कुणाचं काय जातंय?"

"जायचं ते गेलं की, मुकादम," आत्या म्हणाली. "आता मूग कशासाठी?"

बैठकीत तिने कागद डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. शेवटच्या नोंदीवर बराच वेळ थांबल्या. मग एवढंच विचारलं, "इतकी वर्षं कुणालाच का सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलं नाही, असं मी म्हणाले असते," आत्या म्हणाली, "पण ते खोटं होईल. तुम्ही विचारलं होतंत. तिच्या पलंगाशी. मी पेला धरून उभी होते."

लाँड्रीत परत आली तेव्हा बातमी तिच्याआधी पोचली होती. लंबूने बोर्ड पुसला. आकडा शून्यावर आला. टेबलावरची टॉवेलवाली म्हणाली, "आमची नावं तर नाही ना घातली?"

"सगळीकडे एक बाई लिहिलंय."

"एक बाई म्हणजे आम्हीच की. अकराजणी तर होतो."

"आता दहा," आत्या म्हणाली.

लाँड्री योजनेत आली. काचेतला कागद बदलला, त्यात एक नवी ओळ वाढली, आणि एक प्रत तळघरात लागली, जिथे तो बोर्ड होता तिथेच. बोर्ड काढून टाकला. जाड हातमोजे आले. टेबलाच्या दोन्ही टोकांना पांढरे डबे आले. सगळ्यांना लशीचे तीन डोस. टोचलं की त्याच तासात वर जायचं, आणि वर गेली म्हणून कुणाची सुट्टी बुडणार नाही, हे साहेबांनी सहीनिशी लिहून दिलं.

आत्याला अपघात लपवल्याबद्दल लेखी समज मिळाली आणि तिची बदली झाली. भिंतीपलीकडे, स्वच्छ बाजूला, घड्या घालायला. तिथे सुई नसते. तिथे धुतलेल्या चादरींचा गरम वास असतो आणि बसायला स्टूल. चार वर्षांपूर्वी हे कुणी दिलं असतं तर तिने पेढे वाटले असते. आता ती मशीनच्या गोल काचेतून पलीकडे टेबलाकडे बघत राहायची. पलीकडच्या जणी महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस टॉवेलवालीला सुई टोचली. ती हातमोजा काढून, बोट धुऊन सरळ वर गेली. तासाभराने दंड चोळत परत आली आणि काचेजवळ येऊन, आत ऐकू जाणार नाही हे ठाऊक असूनही, सगळं सांगून गेली. आत्याला एक शब्द कळला नाही. घरी येऊन तिने मला ते तोंड हलवून करून दाखवलं, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

योजनेप्रमाणे सगळ्यांचं रक्त तपासलं. त्यात आत्याचं निघालं. हिपॅटायटिस. बी नव्हे, सी. डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्ची पुढे करून सांगितलं, जुना आहे, वीस वर्षंही असेल, आणि यकृत आतून कडक झालंय.

"कुठल्या सुईचा?" आत्याने विचारलं.

"ते आता सांगता येत नाही."

"नऊ होत्या माझ्या," आत्या म्हणाली. "नऊजणींतून चोर कसा सापडणार?"

औषधांनी रक्तातला विषाणू गेला. यकृत गेलं ते परत आलं नाही. दीड वर्षाने त्यात गाठ निघाली. तोवर ती निवृत्त झाली होती, पण सकाळी वाडग्यात हात बुडवायची सोडली नव्हती. मी म्हणायचे, "आता कुठे जायचंय तुला?" ती म्हणायची, "दारं बंद आहेत का ते बघायला घराबाहेरच जावं लागतं का?"

शेवटी तिला चौथ्या मजल्यावरच ठेवलं. धाकटीच्या पलंगासमोरच्या रांगेत. लंबू रोज दुपारी भेटायला यायचा, दारात वाकून.

"तुझ्या चादरी मी स्वतः धुतोय," तो म्हणायचा. "साबण जरा जास्त घालून."

"तरीच खाजतंय," आत्या म्हणायची. "एकोणीस वर्षं सांगत होते, साबण कमी घाल."

एकदा रंगारी मुलीला घेऊन आला. मुलगी आता चांगली बोलायला लागली होती. ती पलंगाच्या कडेला उभी राहून आत्याच्या हाताकडे बघत राहिली, त्याला नळी लावलेली होती. "दुखतं?" तिने विचारलं. आत्याने मान हलवली. "झोंबतं?" हे ती कुठून शिकली कोण जाणे. आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, नळी ताणली गेली, तसा परत खाली ठेवला.

ती गेली त्या दिवशी तिने काही सांगून ठेवलं नाही, निरोप दिला नाही. दुपारी चारच्या सुमाराला सिस्टर तिच्या हाताची सुई बदलायला आल्या. डाव्या हातावरची काढली, उजव्यावर नवी लावली. तेवढ्यात पलीकडच्या पलंगावरून हाक आली आणि त्या तिकडे वळल्या. आत्याचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोप लागली. मी तिच्या अंगावरची चादर सारखी करायला कोपरा उचलला, तेव्हा तिने माझं मनगट धरलं.

"थांब. सुई कुठे ठेवली त्यांनी?"

"ट्रेमध्ये असेल, आत्या."

"असेल नको. डब्यात गेली का, ते बघून ये जरा."